बॅजहॉटची राजपदमीमांसा : एक पुनर्विचार

लोकशाही राष्ट्राने आपले राजपद राखावे किंवा नाही, हा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे वॉल्टर बॅजहॉट (१८२६–१८७७) याच्या ‘इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन’ या ग्रंथाचा आधार बहुधा घेतला जातो. ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात १८६५ पासून क्रमशः आलेले त्याचे लेख १८६७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. लेखक त्या काळी ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संपादक होता. पेढ्या, बाजार व मंत्रिमंडळ यांचे व्यवहार जवळून पाहिलेल्या माणसाची रोखठोक दृष्टी ग्रंथात सर्वत्र जाणवते. राजपदाचे समर्थक त्यास प्रमाणग्रंथ मानतात. तथापि ग्रंथ बारकाईने वाचता असे दिसून येते की, समर्थकांना त्यापासून वाटते तितका आधार मिळत नाही. आणि जो मिळतो, तो लोकशाहीवाद्यास स्वीकारता येण्याजोगा नाही.

बॅजहॉटने इंग्लंडच्या राज्यघटनेचे दोन भाग कल्पिले आहेत : एक दर्शनी व दुसरा कार्यकारी. लोकांच्या मनात आदर उत्पन्न करणे हे दर्शनी भागाचे काम, तर त्या आदराच्या बळावर प्रत्यक्ष राज्य चालविणे हे कार्यकारी भागाचे. राजपद हे पहिल्याचे मुख्य अंग आणि मंत्रिमंडळ हे दुसऱ्याचे. राजपदाचे त्याने पाच उपयोग सांगितले आहेत. राजामुळे सरकार ही वस्तू सामान्य माणसास समजते. शासनास धर्माचे बळ लाभते. समाजास शिरोभागी एक व्यक्ती मिळते. नीतीचा आदर्श उभा राहतो. आणि खरे राज्यकर्ते बदलले तरी तो बदल पडद्याआड राहतो. व्हिक्टोरिया राणी राज्य करीत आहे अशा समजुतीत प्रजा असावी आणि कारभार मात्र मंत्र्यांनी हाकावा, ही व्यवस्था त्यास इष्ट वाटते.

या विवेचनातील पाचवा उपयोग हाच सर्वांचा पाया होय. लोकांचे अज्ञान येथे दोष म्हणून नव्हे, तर राज्ययंत्राचा आवश्यक घटक म्हणून गृहीत धरले आहे. राजपदाचे गूढ उजेडात आणू नये, अन्यथा त्याचे सामर्थ्य नष्ट होईल, असे त्याचे मत आहे. १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरांतील कामगारवर्गाच्या मोठ्या भागास मताधिकार मिळाल्यावर, १८७२ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने या नव्या मतदारांविषयी उघड भीती व्यक्त केली. यात विसंगती नाही. ज्यास मतदाराच्या समजशक्तीचा भरवसा नाही, त्यास मतदाराला दिपविणाऱ्या तेजाची गरज वाटावी हे साहजिकच आहे. परंतु प्रौढ मताधिकार पत्करलेल्या राष्ट्रास हे समर्थन वापरता येत नाही. ज्या नागरिकाने सरकार निवडावयाचे, त्याच नागरिकापासून सरकारचे स्वरूप लपविण्यात लाभ आहे, हे म्हणणे लोकशाहीच्या मुळावरच येते.

ग्रंथातील अधिक मोलाचा, परंतु कमी वाचला जाणारा भाग पुढे येतो. संसदीय शासनपद्धती राजावाचून चालू शकेल काय, असा प्रश्न उपस्थित करून बॅजहॉट राजा असलेल्या व नसलेल्या संसदीय शासनांची तुलना करतो. मंत्रिमंडळाच्या आयुष्यातील आरंभ, मध्य आणि अंत असे तीन प्रसंग तो त्यासाठी निवडतो. अत्यंत बुद्धिमान राजा या तिन्ही प्रसंगी उपयोगी पडेल. परंतु वंशपरंपरेने असा राजा क्वचितच लाभतो आणि सुखात वाढलेल्या राजपुत्राकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थ होय, असा त्याचा निर्वाळा आहे. त्याची ही कसोटी पुढील इतिहासास लावून पाहणे उद्बोधक ठरते.

आरंभाचा प्रसंग प्रथम घेऊ. १९५७ व १९६३ साली ब्रिटनमध्ये सत्तारूढ हुजूर पक्षास नेता निवडण्याची ठराविक रीत नव्हती. त्यामुळे पंतप्रधान कोणी व्हावे याचा निर्णय औपचारिकदृष्ट्या एलिझाबेथ राणीकडे आला. दुसऱ्या वेळी मॅकमिलनने रुग्णशय्येवरून दिलेला सल्ला मानून तिने लॉर्ड होम यास पाचारण केले. या निवडीवर इतका वाद झाला की, १९६५ साली पक्षाने आपला नेता मतदानाने निवडण्यास प्रारंभ केला. स्वीडनने याही पुढे पाऊल टाकले. १९७५ पासून अमलात आलेल्या शासनविषयक कायद्यान्वये तेथे पंतप्रधानाचे नाव संसदेचा सभापती सुचवितो. राजाचा त्यात काहीही भाग नाही. म्हणजे या कामी राजपदाची गरज भासली ती नियमाच्या अभावी. नियम होताच ती संपली.

मध्याच्या प्रसंगी मंत्र्यांनी राजाशी विचारविनिमय करावा आणि राजाने प्रसंगी त्यांस धीर वा इशारा द्यावा, अशी बॅजहॉटची अपेक्षा. ही मसलत गुप्त असल्यामुळे तिचे मोजमाप करता येत नाही. मात्र राजाची सदसद्विवेकबुद्धी उघडपणे आड आल्यास काय होते, हे बेल्जममध्ये दिसले. एप्रिल १९९० मध्ये गर्भपातविषयक कायद्यावर स्वाक्षरी करण्यास राजा बोदुआँ याने नकार दिला. तेव्हा राजा राज्य करण्यास असमर्थ आहे असे मंत्रिमंडळाने जाहीर केले, मंत्र्यांनी स्वतः कायदा संमत केला आणि दोन दिवसांत संसदेने राजास पुन्हा अधिकारावर आणले. लक्झेंबर्गमध्ये २००८ साली दयामरणाच्या कायद्यावरून तसाच पेच पडला. तेथे घटना दुरुस्त करून ग्रँड ड्यूकच्या संमतीची अटच काढून टाकण्यात आली. राजास मत असले तर ते चालू शकत नाही आणि मत नसले तर इशाऱ्यास अर्थ उरत नाही, ही अडचण या दोन्ही प्रसंगांनी उघड केली.

खरी कसोटी अंताच्या प्रसंगी लागते. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर-जनरल सर जॉन केर याने कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेल्या व्हिटलॅमला पंतप्रधानपदावरून दूर केले. सेनेटने अर्थसंकल्प अडवून धरला होता, हे त्याचे कारण. सभागृहाने त्याच दिवशी नव्या पंतप्रधानावर अविश्वास दर्शविला, तरी तो अधिकारावर राहिला आणि सभागृहच विसर्जित झाले. डिसेंबरच्या निवडणुकीत व्हिटलॅमचा पराभव झाला. पण त्यामुळे मूळ कृतीचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न मिटत नाही. केर व राजवाडा यांच्यातील दोनशेहून अधिक पत्रे २०२० सालापर्यंत जनतेस उपलब्ध नव्हती. तेथील उच्चतम न्यायालयाच्या निर्णयानंतरच ती खुली झाली. उजेड नको, या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ असा आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ब्रिटनमध्येच घडले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधान जॉन्सन याच्या सल्ल्यावरून राणीने पार्लमेंटचे अधिवेशन सुमारे पाच आठवड्यांसाठी संस्थगित करण्यास संमती दिली. २४ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने तो सल्ला बेकायदेशीर व संस्थगिती निरर्थक ठरविली. ऑस्ट्रेलियात राजप्रतिनिधीने फार केले, ब्रिटनमध्ये राजपदाने काहीच केले नाही. संसदेचे रक्षण झाले ते न्यायालयामुळे.

म्हणून निर्वाचित राष्ट्रप्रमुख हाच उपाय, असा निष्कर्ष काढणेही घाईचे होईल. बॅजहॉटने केवळ तर्काने कल्पिलेले राजाविरहित संसदीय शासन भारताने १९५० साली प्रत्यक्षात आणले. भारताच्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो पण राज्य करीत नाही, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते. परंतु २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींनी पंतप्रधानांच्या सल्ल्याने स्वाक्षरी केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. निवडून आलेला हात जन्माने अधिकार मिळालेल्या हाताइतकाच निमूटपणे चालला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावाचून अशी घोषणा करता येणार नाही, हे बंधन १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने घातले. तेव्हा दोष होता तो मुख्यतः मोकळ्या सोडलेल्या अधिकाराचा.

संकटकाळी राजा हा लोकशाहीचा शेवटचा रक्षक असतो, हा युक्तिवाद मात्र टाळता येत नाही. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी स्पेनमध्ये सशस्त्र सैनिक संसदेत घुसले असता राजा हुआन कार्लोस याने दूरचित्रवाणीवरून घटनेची बाजू घेतली आणि बंड फसले. हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण १९२२ साली इटलीच्या राजाने लष्करी कायद्याच्या फर्मानावर सही नाकारून मुसोलिनीस पाचारण केले आणि १९६७ साली ग्रीसच्या राजाने लष्करशहांच्या सरकारला शपथ दिली. तेच पद आणि तशीच घटिका, फरक व्यक्तीचा. इटलीने १९४६ साली व ग्रीसने १९७४ साली सार्वमताने राजपद रद्द केले. ज्या संस्थेचे गुण जन्माच्या योगायोगावर अवलंबून, तिच्यावर राष्ट्राने आपली सुरक्षितता सोपविणे शहाणपणाचे नव्हे.

तात्पर्य, राजपद राखावे काय, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : राजाच्या नावाने वापरले जाणारे सर्व अधिकार कायद्याने निश्चित झाले आहेत काय? ते झाल्यावर जे उरते, ते समारंभ, परंपरा व जिव्हाळा. जन्मसिद्ध पद समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हा आक्षेप तरीही उरतोच. तथापि एखाद्या जनतेने समजून उमजून ती विसंगती पत्करली, तर तिला अडाणी ठरविण्याचा अधिकार कोणास नाही. नॉर्वेने नोव्हेंबर १९०५ मध्ये नवा राजा आणण्यापूर्वी सार्वमत घेतले. २,५९,५६३ मते अनुकूल व ६९,२६४ प्रतिकूल पडली. सार्वमत झाल्यावरच पद स्वीकारावयाचे, हा आग्रह त्या राजपुत्राचाच होता. त्याचे आसन लोकांच्या अज्ञानावर नव्हे, तर त्यांच्या संमतीवर उभे राहिले. आणि दिलेली संमती परत घेण्याचा हक्कही त्याबरोबर लोकांकडे राहिला. लोकशाहीत राजपदास राहावयाचे असेल तर ते याच अटीवर. बॅजहॉटचा पडदा दूर सारूनही जे राजपद टिकेल, तेवढेच लोकशाहीस शोभेल.