वर्धा शिक्षण योजना आणि पूर्वार्जित ज्ञानाच्या मान्यतेचा प्रश्न : एक चिकित्सा

शाळा-महाविद्यालयाबाहेर मिळविलेल्या ज्ञानाला औपचारिक व्यवस्थेने मान्यता द्यावी, हा विचार ‘पूर्वार्जित ज्ञानाची मान्यता’ या नावाने अलीकडच्या धोरणांत स्थिरावला असून तो सामान्यतः नवा मानला जातो. वस्तुतः या प्रश्नाची एक बाजू वर्धा येथे 1937 सालीच पुढे आली होती. आणि ती अर्धवट राहिली तीही तेथेच.

दि. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या वर्धा शिक्षण परिषदेने डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली व समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल सादर केला. त्यातील वेळापत्रक बोलके आहे. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगासाठी होती, तर मातृभाषेला 40 मिनिटे. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, टकळी व चरखा चालविणे या कृतींभोवती गणित, विज्ञान व समाजशास्त्र गुंफावयाचे, हे समवाय पद्धतीचे सूत्र होते. ज्या कामांना ज्ञान म्हणण्याची प्रथाच नव्हती, ती अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आली. कापसाच्या या मुलखात हे पाऊल किती मोठे होते, हे निराळे सांगावयास नको.

परंतु याच अहवालातील शिक्षकांच्या पात्रतेचा भाग वाचला असता विसंगती दिसून येते. प्रशिक्षणासाठी येणारा उमेदवार मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अथवा व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन दोन वर्षे अध्यापन केलेला असावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे शिकविण्याचा विषय विणकाम. पण पिढीजात विणकर कितीही निष्णात असला तरी या अटीपाशीच तो बाहेर राहत होता. समवायासाठी पुस्तकी वाचनाची बैठक लागते, हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. तथापि प्रशिक्षणाचा पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. तेवढ्या काळात मॅट्रिक झालेला तरुण सूत काढावयास शिकू शकतो, तर विणकर भूगोल का शिकू शकणार नाही, हा प्रश्न अहवालाला पडलेला दिसत नाही. परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी शालेय उत्पादनाची कारागिरांच्या मालाशी स्पर्धा होईल, अशी शंका उपस्थित केली होती. या आक्षेपातही कारागीर दिसतो तो स्पर्धक म्हणून. संभाव्य शिक्षक म्हणून नव्हे.

2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील पूर्वार्जित ज्ञानाच्या मान्यतेने बरोबर उलटी गफलत केली. येथे कारागीर व्यक्तीला प्रमाणपत्र मिळते, मात्र तिचे ज्ञान आधीच लिहून ठेवलेल्या कामाच्या वर्णनाशी ताडून पाहिले जाते. त्या वर्णनात नसलेले जे काही त्या माणसाला येते, त्याची नोंद होण्यास जागाच नाही. एका टप्प्यावर सुमारे 12 तासांची ओळखवजा तयारी, चाचणी व 500 रुपये असे त्याचे स्वरूप होते. रोजगाराच्या दृष्टीने ते निरुपयोगी म्हणता येणार नाही. पण त्याने महाविद्यालयाचा दरवाजा उघडला नाही आणि अभ्यासक्रमातील एक ओळही बदलली नाही.

2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवातून आलेल्या शिक्षणालाही श्रेयांक देण्याची तरतूद केल्याने हा विषय आता महाविद्यालयांच्या दारी आला आहे. किती अनुभवास किती श्रेयांक, या कोष्टकावर चर्चा होईलच; तशा चर्चेत आपल्या अभ्यास मंडळांचा हातखंडा आहे. अवघड बाब निराळी आहे. कापसाचा पुंजका चिमटीत ओढून धाग्याची लांबी व मजबुती अजमावणारा माणूस श्रेयांकासाठी आला, तर त्याची परीक्षा घेण्यास पात्र कोण? परीक्षकाची पात्रता पदवीनेच ठरणार असेल, तर 1937 च्या अहवालातील ती अट 2023 च्या आराखड्याखालीही कायम राहील. परीक्षक मंडळात त्याच कामातला, पदवी नसलेला एखादा जाणकार बसविण्यास विद्यापीठीय नियम आज कोठे आडवे येतात, याची तपासणी अभ्यास मंडळांनी श्रेयांकांच्या कोष्टकाआधी करणे आवश्यक आहे.