हलका चाप, हलका शब्द

बसला ब्रेक लागला की उभा प्रवासी पुढे झुकतो. हाच जडत्वाचा नियम पिस्तुलाच्या चापालाही लागू आहे. पिस्तूल पाठीवर आपटले तर ते थांबते. चाप मात्र मागे जातच राहू पाहतो. तो जड असेल आणि स्प्रिंग अपुरी पडली, तर बोट न लावताच गोळी सुटते.

अमेरिकेतील सिग साउअर कंपनीच्या 'पी ३२०' पिस्तुलात २०१७ मध्ये हा दोष उघड झाला. अंगावर बाळगण्याच्या लहान आकारातही ते मिळते. कंपनीने चाप व आतले काही भाग हलके केले, डिसकनेक्टर हा जादा भाग बसवला. त्यामुळे चाप सोडताना बोटाला आणखी एक 'टिक' जाणवू लागली. ही आमच्या मते खोड नव्हे, दुरुस्तीची खूण आहे.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. कंपनीने या कामाला 'ऐच्छिक सुधारणा' म्हटले. रुगर कंपनीने २००८ मध्ये अशाच दोषासाठी 'एसआर ९' पिस्तुले सरळ परत मागवली होती. 'ऐच्छिक' म्हटले की माणूस चालढकल करतो. चाप हलका केला, हे योग्यच. शब्द हलका करायला नको होता.