गुलाबी लोणार आणि तळ्याचा काठ

मंडळी, जून 2020 मध्ये आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो जगभर फिरले. देखणे होते, नाही म्हणत नाही. पण मी पाहिलेले बहुतेक एकसारखे: विवराच्या कडेवरून टिपलेली गुलाबी परात. रंग थोडा चढवलेला असेल, तर तेही चालेल. माझी तक्रार रंगाबद्दल नाही, काठाबद्दल आहे.

बघा, उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून रंगाचं कारण तेच सांगितलं. त्या नमुन्यांतले जीव तळाशी बसले तेव्हा वरचं पाणी नितळ दिसलं म्हणे! म्हणजे मूळ गोष्ट पाणी मागे हटल्याची. काठ कुठून कुठे सरकला, ते मात्र या फोटोंत कळतच नाही.

उलट नासानं प्रसिद्ध केलेल्या उपग्रहाच्या दोन प्रतिमा घ्या, 25 मे आणि 10 जूनच्या. कलाकुसर शून्य. पण जागा तीच, मध्ये सोळा दिवस. आधी हिरवं, मग गुलाबी. 'बदललं' हे क्रियापद एकट्या फोटोला पेलत नाही हो, त्याला 'आधी' लागतंच.

खाली कमळजादेवीच्या देवळापाशी एकच जागा धरून दर महिन्याला कुणी फोटो काढलाय का? असेल तर मला दाखवा. मी सकाळच्या एसटीनं येतो.