अनाम खर्ज

जुन्या ध्वनिमुद्रिका कपाटांतून काढून पुन्हां ऐकण्याची हौस अलीकडे सुशिक्षित घरांतून बरीच वाढलेली दिसते. तिच्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कांहीं लोक तिला निव्वळ स्मरणरंजन समजतात. त्यांच्या मतें ऐकणारा गाणें ऐकत नसून आपलें गेलेलें तारुण्य ऐकत असतो. दुसरा पक्ष असें म्हणतो कीं, पूर्वीं यंत्रेंच बेताचीं होतीं. खरी ध्वनिमुद्रिका आम्हांस आतां कोठें ऐकूं येऊं लागली. पहिल्या पक्षाचें म्हणणें उद्धट आहे व दुसऱ्याचें भोळें आहे, असें आम्हांस वाटतें. पण असल्या वादाचा निकाल तत्त्वचर्चेनें लागत नाहीं. एखादी ध्वनिमुद्रिका हातीं घेऊन ती कानानें तपासावी लागते. येथें आम्ही मार्विन गे या अमेरिकन गायकाचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा आल्बम घेतों, आणि त्यांतहि गायकाला क्षणभर बाजूस ठेवून त्याच्या पायाशीं वाजणाऱ्या बेस गिटारकडे वाचकांचें लक्ष वळवितों.

हा आल्बम १९७१ च्या मे महिन्यांत निघाला. डेट्रॉइट शहरांतील मोटाउन ही कंपनी तोंवर आटोपशीर प्रेमगीतांसाठीं विख्यात होती. व्हिएतनामचें युद्ध, शहरांतील दारिद्र्य, नासलेलें हवापाणी असले विषय तिच्या व्यापाराच्या हिशेबांत बसत नव्हते, आणि कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना शीर्षकगीत प्रसिद्ध करणेंच मुळीं पसंत नव्हतें. तें जानेवारींत निघालें, धडाक्यानें खपलें, आणि मग आल्बम मागून आला. नऊ गाणीं, एकूण पस्तीस-छत्तीस मिनिटें. आणि त्यांतलीं बहुतेक गाणीं एकांतून एक निघालेलीं, मध्यें खंड नाहीं. युद्धावरून परत आलेल्या भावाच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींचा गायकाच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. हें सर्व रसिकांस ठाऊक असतें व तें पुष्कळदां लिहिलेंहि गेलें आहे. या गाण्यांतील दुःख रडकें कां होत नाहीं, ह्या प्रश्नाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. आमचें उत्तर असें कीं, त्या दुःखाखालीं एक चालता, सावध, हंसतमुख म्हणावा असा खर्ज सतत वाजत असतो, आणि तो वाजविणाराचें नांव जेम्स जेमर्सन असें आहे.

या वाद्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. मोठ्या आकाराचें उभें बेस व्हायोलिन वाजविणाराची दोन दुःखें होतीं: तें वाहून नेतां येत नसे, आणि पडघम-तुताऱ्यांच्या गलबल्यांत तें ऐकूं येत नसे. कॅलिफोर्नियांत रेडिओ दुरुस्तीचा धंदा केलेल्या लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं त्याच चार तारा एका भरीव लांकडी गिटारवर चढविल्या, खालीं विद्युत्-चुंबक बसविला, आणि पट्टीवर धातूचे पडदे ठोकले. पडद्यांमुळें स्वर आपोआप नेमका लागूं लागला, म्हणून वाद्याचें नांव 'प्रिसिजन', म्हणजे बिनचूक, असें पडलें. जुन्या वादकांनीं नाकें मुरडलीं. त्यांचें सर्वस्वीं चुकलें होतें असें नाहीं. पडद्यानें स्वर नेमका मिळतो, पण त्या स्वराला व्यक्तित्व पडदा देत नाहीं. तें आणावयाचें तर बोटांनींच आणावें लागतें.

जेमर्सनचा जन्म १९३६ सालीं साउथ कॅरोलायनांत झाला. १९५४ त आईबरोबर तो डेट्रॉइटला आला, तेथील शाळेंत उभा बेस शिकला, आणि रात्रीं जाझच्या बैठकींतून वाजवूं लागला. १९५९ पासून तो मोटाउनच्या वेस्ट ग्रँड बूलव्हार्डवरील त्या लहानशा घरांत जाऊं लागला. विजेची गिटार हातीं आली तरी त्यानें उभ्या बेसचा हात सोडला नाहीं. उजव्या हाताची एकच तर्जनी तो तारेवर चालवी. सहकारी त्या बोटाला 'हुक' म्हणत. १९६२ सालच्या आपल्या फेंडर गिटारवर त्यानें जाड, सपाट वेष्टनाच्या तारा चढविल्या होत्या, आणि तुटल्याखेरीज तो त्या बदलीत नसे. तारा पट्टीपासून इतक्या उंच बसविलेल्या असत कीं, दुसऱ्या कोणास तें वाद्य वाजविणें जड जाई. आणि घोडीजवळच्या धातूच्या झांकणाखालीं स्पंजाचा एक तुकडा तारांना टेकून असे.

या शेवटल्या तुकड्यापाशीं आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें, कारण आपल्या तंबोऱ्याशीं त्याचा मोठा मनोरंजक विरोध आहे. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवितों तो जवारी खुलावी म्हणून. एका षड्जांतून त्याचे वरचे सारे स्वयंभू स्वर फुलून यावे व नाद दीर्घकाळ झंकारत राहावा, हा त्यांतील हेतु. जेमर्सनचा स्पंज नेमकें उलटें काम करतो. तो वरचा चकचकाट शोषून घेतो, झंकार तोडतो, आणि स्वर वाजल्याबरोबर त्याला विझवूं लागतो. उरतो तो एक गोल, मांसल, लांकडावर मूठ आपटावी तसा ठोका, ज्याच्या पोटांत स्वर आहे. तंबोऱ्याचा खर्ज आकाशासारखा पसरलेला असतो, हा खर्ज पावलासारखा पडतो. आणि पाऊल चटकन् उचललें गेल्याशिवाय दुसरें टाकतां येत नाहीं. जेमर्सनच्या त्या अखंड लगबगीचें रहस्य आमच्या मतें त्याच्या बोटाइतकेंच या तुकड्यांत आहे. झंकारणाऱ्या वाद्यावर त्याच चाली वाजविल्या तर त्यांचा चिखल होईल.

याच्या नेमकी उलट रुचि थोड्याच वर्षांत प्रतिष्ठित झाली. जॅको पास्टोरियस या तरुणानें आपल्या बेस गिटारचे पडदे काढून टाकले, पट्टीवर नावेच्या लांकडाला लावतात तें रोगण चढविलें, गोल वेष्टनाच्या तारा लावल्या, आणि १९७६ सालच्या आपल्या पहिल्या आल्बममध्यें त्या वाद्याला अक्षरशः गायला लाविलें. तो थोर कलावंत होता याविषयीं वाद नाहीं. पण त्याच्या मागून आलेल्या अनुकरणकारांनीं खर्जाला गायकाच्या जागीं नेऊन बसविलें आणि गाण्याचा तळ मोकळा टाकला, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

आतां यंत्रांविषयीं. बेस गिटारची सर्वांत खालची खुली तार सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें घेते. त्या काळच्या लहान रेडिओच्या ध्वनिक्षेपकांतून ४१ आंदोलनांचा नाद बाहेर येणें जवळजवळ अशक्य. बरें, तबकडींतहि खर्ज फार घातला तर खांच रुंद होते, बाजू लवकर भरते, आणि हलक्या यंत्रावर सुई उडते. म्हणून तबकडी कोरतांना खर्ज कमी करून घेतात व वाजवितांना यंत्रांत तो पुन्हां वाढवितात. मग त्या काळच्या श्रोत्यानें खर्ज ऐकलाच नाहीं कीं काय? ऐकला. मनुष्याच्या कानाची अशी कांहीं रचना आहे कीं, ८२, १२३, १६४ असे मूळ स्वराचे पटींतील नाद कानीं आले म्हणजे गैरहजर असलेला ४१ चा मूळ स्वर मन स्वतः पुरवितें. मोटाउनमध्यें तर मोटारींतील रेडिओसारख्या लहान ध्वनिक्षेपकावर गाणें लावून पाहण्याची चाल होती. जेमर्सनचा खर्ज मेजावरच्या रेडिओंतून लोकांच्या अंगांत शिरला तो याच मार्गानें, आणि म्हणून 'पूर्वीं ऐकूं येतच नव्हतें' हें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें आम्ही भोळें म्हटलें. येत होतें, त्याला नांव नव्हतें, इतकेंच.

नांव नव्हतें हें शब्दशः खरें आहे. १९६४ सालच्या टेम्प्टेशन्सच्या 'माय गर्ल' या गाण्यांत पहिला शब्द खर्जाचा आहे, गिटार मागाहून येते. १९६७ चें फोर टॉप्सचें 'बर्नाडेट' घ्या, त्याच वर्षाचें स्टीव्ही वंडरचें 'आय वॉज मेड टु लव्ह हर' घ्या. जगभर लोक हे खर्ज गुणगुणत होते, आणि तबकडीच्या वेष्टनावर वादकाचा उल्लेख नव्हता. मोटाउननें आपल्या वादकांचीं नांवें छापलीं तीं प्रथम याच १९७१ च्या आल्बमवर, आणि जेमर्सनच्या नांवाआड 'अतुलनीय' अशा अर्थाचें विशेषण घालून. मुंबईच्या चित्रपटगीतांत ज्या शेंकडों वादकांनीं, आणि त्यांत गोव्याहून आलेल्या कितीएकांनीं, जन्म घालविला, त्यांच्या वांट्यास हें एक विशेषणहि क्वचितच आलें. पण तो विषय स्वतंत्र आहे.

शीर्षकगीताचा खर्ज आतां लक्षपूर्वक ऐकावा. गाण्याचा आरंभ मित्रमंडळींच्या बोलण्याच्या कुजबुजीनें व सॅक्सोफोनच्या एका आलापानें होतो. खर्ज येतो तो प्रथम घरच्यासारखा, मूळ स्वरावर बसून. पण बसतो कुठला! प्रत्येक आवर्तनाच्या टोंकाला तो दोन-तीन चपळ स्वर घेऊन पुढल्या स्वराच्या दारांत आधींच जाऊन उभा राहतो. कधीं खुली तार छेडून हात मोकळा करून घेतो. कधीं समेवर यावयाच्या ऐवजीं तिच्या किंचित् अलीकडे पाऊल ठेवतो. एकच जागा पुन्हां तशीच येईल म्हणून वाट पाहावी, तर ती तशी येत नाहीं. आणि असें असूनहि गायकाच्या वाटेंत तो एकदांहि आडवा येत नाहीं. गायक ओळ लांबवितो तेव्हां हा आवरतो, गायक श्वास घेतो तेव्हां हा बोलतो. आपल्याकडील जाणता तबलजी ठुमरीला साथ करतांना जें तारतम्य राखतो तेंच हें. आई, बाप आणि भाऊ यांना हांक मारणारें हें गाणें, पण त्याला एकट्याचा विलाप होऊं न देतां चार माणसांच्या संभाषणाचें रूप या खर्जानें दिलें आहे.

त्याच आल्बमच्या शेवटल्या गाण्यांत, 'इनर सिटी ब्लूज' मध्यें, वादक बदलतो. तेथें बॉब बॅबिट आहे. त्याचा खर्ज एकाच घट्ट वळणावर पुनःपुन्हां येतो, जणूं बाहेर पडावयास वाटच नाहीं. शहराच्या कोंडमाऱ्याच्या त्या गाण्याला हें शोभतें, आणि जेमर्सनहून बॅबिट कमी असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. दोघांस एका बैठकींत ऐकल्यानें पहिल्याची मोकळीक कशांत आहे तें अधिक स्पष्ट होतें, इतकेंच.

शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणाविषयीं एक आख्यायिका फार प्रचारांत आहे. त्या रात्रीं जेमर्सनला एका मद्यगृहांतून शोधून आणलें, त्याला धड बसवेना, तेव्हां त्यानें जमिनीवर उताणें पडून खर्ज वाजविला, असें सांगतात. गोष्ट खरी असेल. पण ती ज्या कौतुकानें सांगितली जाते त्या कौतुकाची आम्हांस चीड आहे. तिच्यामुळें असा समज पसरतो कीं, प्रतिभा ही बाटलींतून येते. डेव्हिड व्हॅन डी पिट यांनीं गाण्याची रचना कागदावर लिहून समोर ठेवली होती, आणि ती वाचून तिच्यांत स्वतःची भर घालण्याइतकी तालीम या माणसाच्या हातांत मुरलेली होती. मद्यानें त्याला दिलें कांहीं नाहीं, नेलें मात्र सर्व. १९७२ त कंपनी लॉस एंजेलिसला गेली. तोहि मागोमाग गेला, पण तेथें त्याचा जुना मेळ नव्हता आणि नव्या लोकांना तारांचा झगझगीत नाद हवा होता. मृत्यूच्या थोडे दिवस आधीं ती १९६२ ची गिटारहि चोरीस गेली. १९८३ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. त्याच्या खर्जांची लेखनबद्ध संहिता व चरित्र असें पुस्तक ॲलन स्लट्स्की यांनीं १९८९ त प्रसिद्ध केलें, आणि २००२ त त्याच नांवाचा बोलपट निघाला, तेव्हां कोठें सामान्य श्रोत्याला हें नांव कळलें.

नव्या यंत्रविद्येनें आतां आणखी एक सोय झाली आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांतील खर्ज तेवढा वेगळा काढून ऐकतां येतो, आणि अभ्यासू तरुण तो तासन्‌तास ऐकत असतात. विद्यार्थ्यास त्याचा उपयोग आहे हें कबूल. पडद्यावर घासणारें बोट, अर्धवट दाबलेला स्वर, असें पुष्कळ त्यांत कळतें. परंतु रसिकानें तेवढ्यावर थांबूं नये. गायक काढून घेतल्यावर त्या खर्जांतील विराम निरर्थक होतात; कोणाला वाट करून देण्यासाठीं तो थांबला हेंच कळेनासें होतें. फार मोठ्या आवाजांत, पोटांत धक्के बसतील अशा यंत्रावर तो ऐकणेंहि आम्हांस मान्य नाहीं. तेथें ठोका मोठा होतो व त्याच्या पोटांतला स्वर हरवतो. मध्यम आवाज, बरे ध्वनिक्षेपक, आणि पहिली बाजू न थांबतां एका दमांत, एवढें पुरे. ज्यांस तुलना करावयाची आहे त्यांनीं २००१ च्या आवृत्तींत दिलेलें डेट्रॉइट येथील मूळ मिश्रण शेजारीं ठेवून पाहावें.

आणि वादकाला डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर 'सेव्ह द चिल्ड्रन' हा १९७३ चा बोलपट मिळवावा. शिकागो येथें १९७२ सालीं झालेल्या जलशांत मार्विन गे पियानोशीं बसून हेंच गाणें गात आहे, आणि जेमर्सन साथीला आहे. चित्र घेणाराला त्या बोटाचें महत्त्व कळलेलें दिसतें, कारण मध्येंच तो गायकाला सोडून तिकडे वळतो.