पाळण्यापाशीची श्रद्धा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक दुर्लक्षित कसोटी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना धर्मांतराची घटना केंद्रस्थानी धरण्याची आपल्या समीक्षेची जुनी रीत आहे. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) ह्या आत्मचरित्रापासून हा साचा रूढ झाला. बाप्तिस्म्यापूर्वीचे मंथन, बाप्तिस्म्याचा दिवस आणि त्यानंतरचा बहिष्कार ह्या तीन टप्प्यांत सारे आयुष्य बसविले जाते. परंतु श्रद्धा ही केवळ एका दिवसाची घटना नव्हे. ती घरात रोज जगावयाची असते. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असले म्हणजे तर धर्माचा प्रश्न तत्त्वचर्चेत राहत नाही. मुलाला काय भरवावे, कोणत्या नावाने हाक मारावी, निजताना काय म्हणून दाखवावे, आणि त्याच्या वतीने हे सारे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, अशा अगदी साध्या प्रश्नांचे रूप तो घेतो. ह्या कसोटीवर पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन तपासले असता काही वेगळे निष्कर्ष हाती येतात.

ह्या विचाराला पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांची पार्श्वभूमी आहे. भीमेच्या उत्तरेस शिरूर. घोडनदीकाठचे हे गाव पुणे-नगर रस्त्यावर असून, अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकेंद्रित कार्याच्या प्रभावक्षेत्रात ते एकोणिसाव्या शतकातच आले. ह्याच नगरच्या परिसरात नारायण वामन टिळकांचे ख्रिस्ती जीवन व काव्य आकाराला आले. भीमेच्या दक्षिणेस दौंड तालुका, आणि त्यातील केडगाव येथे रमाबाईंचे मुक्तिसदन. एका नदीच्या दोन बाजूंना मराठी ख्रिस्ती भाषेचे दोन भिन्न प्रवाह जवळ येतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

रमाबाईंची कन्या मनोरमा हिचा जन्म एप्रिल १८८१ मधला. ती वर्षाची होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, तिचे वडील बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. १८८३ साली तिला घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटिज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मुलगी तेव्हा पुरती अडीच वर्षांचीही नव्हती. पुढे रमाबाई चेल्टनहॅमला अध्यापनासाठी गेल्या, आणि मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरून त्यांचा वाँटिजच्या भगिनींशी मतभेद झाला. सिस्टर जेरल्डीन यांनी संकलित केलेला आणि अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

ही पत्रे बहुधा रमाबाईंच्या बुद्धिस्वातंत्र्याचा पुरावा म्हणून वाचली जातात. ते वाचन खरे असले तरी अपुरे आहे. वादाचा मुद्दा मुलीने ख्रिस्ताला ओळखावे की नाही हा नव्हता. त्याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नव्हते. आईला स्वतःला जे मत पटलेले नाही ते तिच्या मुलीकडून वदवून घ्यावे काय, हा खरा मुद्दा होता. भगिनींच्या दृष्टीने बाप्तिस्मा झालेले मूल चर्चचेही मूल होते. रमाबाईंच्या दृष्टीने ते प्रथम आईचे होते. शाकाहाराबद्दलचा रमाबाईंचा आग्रहही ह्याच संदर्भात पाहिला पाहिजे. भगिनींना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंना ती आपल्या घराची रीत वाटत होती.

ह्या इंग्रजी पत्रांत एक मराठी शब्द वारंवार येतो : ‘आजीबाई’. जेरल्डीन यांना रमाबाई ह्याच नावाने संबोधितात. वाद कितीही तीव्र झाला तरी हे संबोधन सुटत नाही. संस्थेशी चाललेला वाद एका नात्याच्या शब्दाने घरात आणून ठेवला आहे. आजीने नातीवर माया करावी, पण नातीचा धर्म ठरवू नये, ही मराठी घरातली मर्यादाच जणू त्या शब्दातून सुचविली जाते. तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. हा संग्रह प्रतिपक्षानेच जुळविलेला आहे, आणि जिच्यासाठी वाद चालला ती बालिका त्यात स्वतःच्या शब्दांत जवळजवळ नाहीच. मुलाच्या हिताचा वाद मुलावाचूनच होतो, ही ह्या पत्रव्यवहाराची मोठी करुण बाजू होय.

‘स्मृतिचित्रे’ची स्थिती ह्याच्या उलट आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली घेतला. मधल्या वर्षांत आई एका धर्मात, वडील दुसऱ्या धर्मात आणि लहानगा दत्तू दोघांच्या मध्ये, असे हे कुटुंब होते. येथे मूल वादाचा विषय होत नाही. ते दोन घरांना जोडणारा धागा होते. नवऱ्याचा धर्म न स्वीकारताही त्याच्या जवळपास राहण्याचे जे बळ लक्ष्मीबाईंना आले, त्यात दत्तूचा वाटा लहान नाही. सोवळ्याओवळ्याची त्यांची पकड हळूहळू सुटते ती रोजच्या व्यवहारातून. ग्रंथवाचनाला तेथे गौण स्थान आहे. पुढे मुलाचे दत्तू हे नावही सुटले नाही. देवदत्त नारायण टिळक म्हणूनच तो मोठा झाला, आणि वडिलांच्या चरित्रासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या, त्यांतूनच हा ग्रंथ उगम पावला. कडेवरचे मूल पुढे श्रोता झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ची बोलकी भाषा हा निव्वळ शैलीचा गुण राहत नाही, मुलाला सांगण्याची ती रीत ठरते.

ह्या ग्रंथाच्या विनोदावर आपली समीक्षा इतकी लुब्ध झाली की त्यातील श्रद्धेकडे तिचे दुर्लक्ष झाले. धर्मप्रसारक लेखनाने श्रद्धा उचलली, परंतु स्वयंपाकघर वगळले. दोन्ही वाचने एकांगी आहेत. अर्थात ग्रंथालाही मर्यादा आहे. बाप्तिस्म्यानंतरच्या भागात श्रद्धा गृहीत धरली जाते आणि अंतर्मनाचा शोध मंदावतो.

आता केडगावकडे वळले पाहिजे. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापले गेले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर (५ एप्रिल १९२२) दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, समग्र रूपात प्रसिद्ध झाले. हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. टिळकांची दिशा नेमकी उलटी होती. त्यांनी अभंग व ओवी जवळ केली, ख्रिस्ताला माउली म्हटले आणि वारकरी परंपरेचा सारा जिव्हाळा त्या शब्दासह आपल्या घरात आणला.

ह्या तुलनेत समीक्षकांचा कौल सामान्यतः टिळकांच्या बाजूने पडतो. पाळण्यापाशी भाषेला अर्थाइतकीच आठवणही लागते, आणि आठवण पुसून केलेली सोपी भाषा कोरडी वाटते, हे त्या कौलामागील तत्त्व मान्य करावेच लागेल. परंतु दोन्ही घरांची जात वेगळी होती, हे विसरून चालणार नाही. टिळकांच्या घरात आजीपणजीची ओवी तुटली नव्हती; तिला फक्त नवे वळण द्यावयाचे होते. केडगावला आलेल्या मुलींची गोष्ट निराळी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून व १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या. त्यांतील बहुतेकींचे घर आधीच मोडले होते, आणि अनेकींची मातृभाषा मराठी नव्हतीच. जिला ओवीची आठवणच नाही तिच्यापुढे ओवी ठेवून काय साधणार? तिला हवी होती ती पहिल्याच ऐकण्यात कळणारी, कोणत्याही पूर्वसंस्काराची अट न घालणारी भाषा. ह्या दृष्टीने पाहता रमाबाईंचे भाषांतर हे परंपरेचे केवळ अज्ञान वा द्वेष ठरत नाही. तुटलेल्या घरासाठी केलेली ती विचारपूर्वक योजना ठरते. तिचे उणेपण असे की, पुढे ज्या घरांत आठवणी पुन्हा जमू लागल्या, त्यांना ती भाषा पुरी पडली नाही.

वाँटिजला आपल्या मुलीच्या मुखी दुसऱ्याचे शब्द घालण्यास विरोध करणाऱ्या रमाबाईंनी केडगावला शेकडो परक्या मुलींच्या मुखी स्वतःचे शब्द दिले, हा विरोध येथे डोळ्याआड करता येत नाही. तो दोष म्हणून नोंदवावा, की आईपणाचा अटळ भार म्हणून? मूल स्वतः निवडू शकत नाही तोवर कोणीतरी त्याच्यासाठी निवडावेच लागते. न निवडणे हीसुद्धा एक निवडच असते. फरक पडतो तो निवडणाऱ्याला ह्या भाराची जाणीव आहे की नाही, ह्याने. वाँटिजच्या पत्रांतून रमाबाईंची ती जाणीव स्पष्ट दिसते, आणि लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात ती ओळीओळीतून वावरते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची थोरवी मापताना बाप्तिस्म्याच्या दिवसाइतकेच महत्त्व ह्या जाणिवेला दिले पाहिजे.