हायब्रीड

'हायब्रीड' हा शब्द आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मोटारीच्या कितीतरी आधी येऊन राहिलेला आहे. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण निघालं आणि बघता बघता घाटावर नि घाटाखाली सगळीकडं हायब्रीडच हायब्रीड झालं. कणीस भरदार, ताट बुटकं, भाकरीला चव नाही आणि कडबा बैल नुसता हुंगून सोडतो, असा तिचा लौकिक. गरिबाची पोटं तिनं भरली, पण नाव काही कमावलं नाही. पुढं पुढं तर जिना चढताना धापा टाकणाऱ्या पोराला 'हायब्रीड' म्हणायची पद्धत पडली. मी गणिताचा मास्तर. तीस वर्षांत किमान दोन पिढ्यांना मी ही पदवी वर्गात उभं करून बहाल केली आहे.

त्यामुळं आमच्या साडूंचा फोन आला, "सर, हायब्रीड घेऊन राह्यलो," तेव्हा मी साहजिकच विचारलं, "किती किलो?"

"किलो नाई हो, गाडी! कॅमरी! अठ्ठेचाळीस लाखाची!"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. आकडा तिथंही तेवढाच ऐकू आला.

साडूंचं गाव मेहकरजवळ. त्यांची नऊ एकर जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदला मिळाला, त्यातून दुसरीकडं शेत घेतलं, धाकटीचं लग्न उरकलं, आणि तरीही बँकेत एक आकडा उरला. उरलेला आकडा माणसाला झोपू देत नाही. कोणी म्हणे प्लॉट घ्या, कोणी म्हणे पतपेढीत टाका. अशात धाकटीचे सासरे, पुण्याचे व्याही, नवी कॅमरी घेऊन शेगावच्या दर्शनाला निघाले आणि वाटेत दोन दिवस मुक्कामाला उतरले. गाडी अंगणात उभी राहिली तशी साडूंची झोप आणखीच उडाली.

"तुमी एक डाव पाह्या," साडू म्हणाले. "मले तं बाकी काई समजत नाई. तुमी हिशोबी मानूस."

मोटारीविषयी माझा अधिकार काय, तर मी अठरा वर्षं लुना चालवली. पण खरं सांगतो, लुना ही आमच्या जिल्ह्यातली पहिली हायब्रीड गाडी. तिला पेट्रोलही लागे आणि पेडलही होतं. चढ आला की मी पेडल मारून इंजिनाला हातभार, म्हणजे पायभार लावत असे. (यात चूक लुनाची नव्हती, माझ्या वजनाची होती.) दोन शक्तींनी मिळून एक चाक फिरवायचं हे तत्त्व मला कोणी जपानहून येऊन शिकवायला नको होतं.

ठरल्या दिवशी गाडी मला न्यायला बुलढाण्याला आली. आली हे मला कळलंच नाही. दाराशी झोपलेलं कुत्रंही उठलं नाही. ही गाडी हळू असताना नुसत्या विजेवर चालते, इंजिन गप्प असतं. पुण्यात हा गुण असेल. आमच्याकडं कोंबड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम इंजिनाच्या आवाजावर झालेली आहे. आवाज आला की रस्ता ओलांडायचा, एवढंच त्यांना ठाऊक. आवाजच नाही म्हटल्यावर त्या बिचाऱ्या चाकापुढं विचार करत उभ्या राहतात.

मागच्या सीटवर बसलो आणि माझी टीकाबुद्धी तिथंच निम्मी वितळली. पाय इतके लांब करता आले की ते आपलेच आहेत ना, असं वाटावं. पाठ मागं झुकवायला बटण. एसीचं बटण मधल्या हातावर, म्हणजे पुढच्याला 'जरा कमी करा हो' असं म्हणण्याची लाचारी नाही. आपल्याकडं अशा गाडीची परीक्षा मागच्या सीटवरूनच करायची असते, कारण जो पैसे भरतो तो चालवत नाही आणि जो चालवतो त्याला कोणी विचारत नाही. फक्त एक. सीट खाली आहे. बसताना माणूस आत पडतो आणि उतरताना त्याला वर काढावं लागतं. माझी गुडघेदुखी दोन्ही वेळा जागी झाली.

वाटेत व्याह्यांनी पुढून वळून माहिती दिली: अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, सोबत विजेची मोटर, दोघांची मिळून २३० अश्वशक्ती, नऊ एअरबॅगा. गाडीत आम्ही चारच होतो, त्यामुळं माणशी दोन एअरबॅगा येऊन एक शिल्लक राहत होती.

या गाडीला चार्जिंगचं पिनच नाही, हे मात्र मला पटायला वेळ लागला. आमच्याकडं शेतीपंपाची वीज रात्री-अपरात्री येते. तिच्यासाठी जागण्याची सवय असलेल्या माणसाला, वीज फुकट आणि घरचीच, हे ऐकून संशयच येतो. पण राजूर घाट उतरायला लागलो आणि उलगडा झाला.

माझे एक मामा अँबेसिडर चालवत. हा घाट उतरताना ते इंजिन बंद करून टाकत. पेट्रोल वाचवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर, आणि मागं आम्ही मुलं सीट धरून. इंजिनाचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, हे मामांना ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक असावं, म्हणून आम्ही मोताळ्याला पोचत असू. ही कॅमरी तेच करते, पण शहाणपणानं. उतारावर इंजिन पेट्रोल पीत नाही, आणि चाकं उलट मोटरलाच फिरवून वीज करतात. ती बॅटरीत जाते आणि गाडीला आपोआप आवर बसतो. ब्रेक दाबल्यावर जी ताकद इतर गाड्यांत नुसती तापून वाया जाते, तिच्यातली बरीचशी ही गोळा करून ठेवते.

हा तर सरवा झाला! कापणी झाल्यावर रानात गळालेली कणसं वेचायला बायका जातात, तो सरवा. टाकून दिलेल्यातून दोन पायल्या धान्य उभं करायचं. हायब्रीड ज्वारीचं बी दर वर्षी नवं विकत आणावं लागतं, घरचं ठेवून चालत नाही. हे हायब्रीड मात्र आपलंच सांडलेलं वेचत चालतं. नाव एक, स्वभाव अगदी उलटे. मी तिथंच ज्वारीवरून केलेला पूर्वग्रह मागं घेतला.

पण सरवा ठेवायला पोतं किती? घाट निम्मा उतरला तोवर पडद्यावरची बॅटरी जवळजवळ भरलेली दिसली. ती पुरी भरली की पुढचं सगळं वाया. मग गाडी रिकामं इंजिन फिरवून वेग आवरते आणि जरा कण्हल्यासारखा आवाज येतो. व्याही म्हणाले, "काही बिघडलेलं नाही." मी म्हटलं, "कळतं मला. पोट भरल्यावर आग्रह झाला की मीही असाच आवाज करतो."

नांदुऱ्याला हायवेवरच्या १०५ फुटी मारुतीला गाडीतूनच हात जोडले. काच मोठी आहे, तरी मारुती गुडघ्यापर्यंतच दिसला. खामगावच्या कापूस बाजारावरून जाताना साडूंनी विचारलं, "ही कंपनी कोनाची?" भारतात ही गाडी टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या भागीदारीतून, कर्नाटकात बिडदीला तयार होते. टोयोटाचं घराणं मूळचं मागवाल्यांचं, कापड विणायचे स्वयंचलित माग करणारं. आणि आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करणारे. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. म्हणजे नांगर आणि माग यांची सोयरीक होऊन ही गाडी झाली. साडू कापूसवाले. ते एकदम घरच्यासारखे सैल होऊन बसले. विक्रेत्यानं हे सांगितलं असतं, तर गाडी त्याच दिवशी विकली गेली असती.

संध्याकाळी साडूंच्या गावी पोचलो. शिवेवर एक गतिरोधक आहे. तो कोणी घातला हे कोणीच कबूल करत नाही. उंची पाहता बंधारा घालायचा विचार मध्येच बदलला असावा. गाडीचं पोट खाली. चालकानं थांबून मागं पाहिलं. मी, साडू आणि व्याही असे तिघे उतरलो. हलकी झालेली गाडी तिरकी तिरकी होत पलीकडं गेली आणि आम्ही अठ्ठेचाळीस लाखांच्या मागून चालत गेलो.

रात्री ओट्यावर मी हिशेब मांडला. साडूंचं फिरणं वर्षाला बारा हजार किलोमीटर. एवढीच मोठी साधी पेट्रोल गाडी लिटरला बारा देईल असं धरलं, तर हजार लिटर. या गाडीचा कंपनीचा आकडा २५.४९. पण कागदावरचं मायलेज आणि शाळेतली कागदावरची पटसंख्या यांत मी नेहमी थोडी सूट देतो, म्हणून वीस धरले. सहाशे लिटर. वाचले चारशे. एकशे पाच रुपयांनी बेचाळीस हजार. गाडीची किंमत अशी वसूल व्हायला एकशे चौदा वर्षं लागतात. आणि मायलेजच हवं तर होंडाची हायब्रीड सिटी २०२२ साली साडेएकोणीस लाखांत आली होती, तिचाही कागदावरचा आकडा सव्वीसच्या वर. कराचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १५ टक्के सेस होता, नंतर सरसकट ४० झाला, आणि निव्वळ विजेवरच्या गाडीला ५. सरवा वेचणाऱ्या बाईकडून सरकार बागाईतदाराचा सारा घेतं, असा हा प्रकार.

"म्हंजे मायलेजसाठी घ्याची नाई," साडू म्हणाले.

"नाही. आरामासाठी आणि शांततेसाठी घ्यायची. त्यात हिला नाव ठेवायला जागा नाही."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "औरंगाबादवाल्यायनं तं एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या." घेतल्या होत्या खऱ्या, २०१० च्या ऑक्टोबरात, पासष्ट कोटींच्या. तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक उरलेल्या आकड्याला त्या दीडशे गाड्या स्वप्नात हॉर्न देतात.

एवढ्यात साडूंच्या मातोश्री बाहेर आल्या. सगळा गाव त्यांना माय म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "मास्तर, हे हायब्रीड हाये म्हंता, मंग दरसाली नवं घ्या लागन?"

मी म्हटलं, "नाही माय. बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे."

"आठ वर्सं," माय म्हणाल्या. "माही नाई तेवढी."

दुसऱ्या दिवशी मायना गाडीत बसवलं. बसवलं म्हणजे आधी पाठ, मग पाय, मग लुगड्याचा पदर, अशा तीन हप्त्यांत. मी आणि माझी सौभाग्यवती दोन्हीकडून टेकू. साडू पुढं बसले. निघालो समृद्धीवर. या रस्त्यावर मात्र गाडीचा खरा कस लागतो आणि ती शंभर टक्के उतरते. ताशी १२० हे वेगमर्यादेचं टोक. काटा तिथं टेकला, तरी मायचा जप मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. रस्ता टायरखाली आहे की नाही याचा पत्ता नाही.

साडू एकदम म्हणाले, "आता येते आपलं वावर. हां, हे... गेलं."

"कुठं?" माय म्हणाल्या.

गेलं होतं. मी मास्तर, तोंडातल्या तोंडात गणित करून मोकळा झालो. महामार्गाचा पट्टा १२० मीटर रुंद, वेग ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला चार हजार चौरस मीटर. एक एकर. नऊ एकरांना नऊ सेकंद. मी हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"थांबव ना रे," माय म्हणाल्या. तिथं थांबता येत नाही. साडूंनी हे त्यांना दोनदा समजावून सांगितलं. इतर गाड्यांत निदान एखादा सांधा, एखादा हादरा तरी कळला असता. या गाडीची सगळी विद्या कशात, तर खालचं काही वर येऊ न देण्यात. तिथं तिचा जो गुण मी रात्री पहिल्या ओळीत लिहिला होता, तो मला खोडावासा वाटला.

"वळव मंग."

वळायचं तर पुढच्या उतारापर्यंत जाऊन, टोल भरून परत यायचं. साडूंनी चालकाकडं पाहिलं. व्याह्यांची गाडी, व्याह्यांचं पेट्रोल. पण तो भला माणूस काही बोलला नाही. गेलो, वळलो, परत आलो. या खेपेस डाव्या लेननं, ऐंशीच्या वेगानं. साडू काचेला बोट लावून बसले. "ती विहीर तिकडं होती, म्हंजे बोरी इथं. इथून धुरा. इथून... इथपर्यंत."

"किती झाले, मास्तर?" माय म्हणाल्या.

"साडेतेरा सेकंद."

"वाढले," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अजून एक डाव."

चालकानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, मी पेट्रोलच्या काट्याकडं. काटा सकाळपासून जेमतेम हलला होता. हे मायलेज मी गाडीच्या बाजूनं मांडतो.