सांगणारा, लिहिणारा आणि करारातील मौन

‘सांगत्ये ऐका’ या शीर्षकातच एक कबुली आहे. हंसा वाडकर सांगतात, लिहीत नाहीत. त्यांचे १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलेले हे आत्मकथन अरुण साधू यांच्याजवळ सांगितलेले आणि त्यांनी शब्दबद्ध केलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपासून लपलेली नाही. तरीही अशा पुस्तकांतील निवेदनाचा ‘मोकळेपणा’ आणि ‘सहजता’ हे गुण निःशंकपणे सांगणाऱ्याच्या नावे जमा करण्याची समीक्षेला सवय असते. वाक्य कोठे तुटावे, कोणत्या प्रसंगापाशी थांबावे, हे कोणी ठरवले, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

मुखपृष्ठावरील नाव, निवेदक आणि चरित्रनायक ही तिन्ही एकच आहेत, या हमीला फिलिप लेज्यून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राचा करार म्हटले. १९८० मध्ये ते ‘जे लिहीत नाहीत’ त्यांच्या आत्मचरित्रांकडे वळले. या वाचकाशी होणाऱ्या कराराच्या आड आणखी एक करार असतो. मानधन घेऊन दुसऱ्याचा ‘मी’ लिहून देणारा, ज्याला घोस्ट रायटर म्हणतात, तो त्यावर सही करतो. त्या कराराची पहिली अट बहुधा गोपनीयतेची असते.

पण ही गोपनीयता एकजिनसी नाही. सांगणाऱ्याने विश्वासाने जे उघड केले ते बाहेर न फोडणे, हा तिचा एक अर्थ. पुस्तक आपण लिहिले हेच न सांगणे, हा दुसरा. पहिल्यामागे नीती आहे, दुसऱ्यामागे बाजार. दोन्ही एकाच कलमात कोंबली जातात आणि पहिलीच्या प्रतिष्ठेवर दुसरी निभावून जाते.

भारतीय कायद्याची भूमिका येथे उद्बोधक आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, विरुद्ध करार नसेल तर, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा प्रथम स्वामी ते काढवून घेणारा असतो. पैसे देऊन लिहवून घेतलेल्या आत्मचरित्राला मात्र हा नियम लागू नाही! लिहिणारा नोकरीत नसून स्वतंत्रपणे काम करीत असेल, तर प्रथम स्वामी तोच. त्याचा हक्क केवळ लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. शिवाय हक्क विकल्यानंतरही आपल्या लेखकत्वाचा दावा करण्याचा अधिकार कलम ५७ त्याच्याकडेच ठेवते. गोपनीयतेची अट नेमका हाच दावा उच्चारू देत नाही. ‘लेखकाचा मृत्यू’ घोषित करणाऱ्या सिद्धान्तनाला या लेखकाचे काहीच सोयरसुतक नाही, कारण त्याचा जन्मच नोंदलेला नसतो.

याच्या उलट टोकाला अँड्र्यू ओहेगन यांचे प्रकरण आहे. ज्युलियन असांज यांचे आत्मचरित्र लिहिण्याचे काम त्यांनी पत्करले, ते आपले नाव पुस्तकावर नको असे सांगूनच. असांज यांनी माघार घेतल्यावर प्रकाशकाने २०११ मध्ये तो मसुदा ‘अनधिकृत आत्मचरित्र’ म्हणून छापला. हे विशेषण लेज्यून यांच्या कराराची थट्टाच म्हणावी लागेल. २०१४ मध्ये ओहेगन यांनी त्या सहवासावर दीर्घ निबंध लिहिला. तो आपल्या लेखनाची कबुली देऊन थांबत नाही. सांगणाऱ्याचे खाजगी वागणेही त्यात वाचकांसमोर येते. तो वाचनीय आहे. पण नाव उघड करण्याच्या हक्कातून विश्वास उघड करण्याचा हक्क निघत नाही, आणि निबंधाच्या गुणवत्तेने ही अडचण मिटत नाही.

मराठीत या दोहोंमधली एक वाट ‘शब्दांकन’ या शब्दाने दाखवली आहे. मात्र ज्या आतल्या पानावर तो लहान टाइपात छापतात, तेथे समीक्षकाची नजर क्वचितच ठरते. शब्दांकन करणारा केवळ टिपून घेणारा, असे त्यात गृहीत आहे. वस्तुतः ‘सांगत्ये’ हे बोलीतले रूप छापील पानावर तसेच राहू देणे, हाही लेखननिर्णयच असतो. आणि तो घेणाऱ्याचे नाव ठाऊक असेल, तरच त्याची चिकित्सा करता येते.